आनंदीबाईंच्या बरोबरीच्या चिनी डॉक्टर बाया

बारावी झालेल्या एका मुलीचा प्रश्न आलाय. घरचे म्हणतायत चीनला जाऊन एमबीबीएस कर, आणि तिला विचारायचंय की आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या तसं त्या काळात चीनमधली कोणी बाई बाहेर जाऊन डॉक्टर झाली होती का, झाली असेल तर तिला काय काय सोसावं लागलं, आणि मला आज त्यातनं काही घेण्यासारखं आहे का.

अगं झाल्या ना, एक नाही चारपाच झाल्या, आणि गंमत म्हणजे त्यातल्या दोघी तर आनंदीबाईंच्या अगदी बरोबरीच्या. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, तीस वर्षं तालुक्याच्या गावात बाळंतपणं करतेय, त्याआधी नव्वदच्या दशकात काही वर्षं इंग्लंडच्या उत्तरेकडे एका हॉस्पिटलात होते. तिथे माझ्याबरोबर एक चिनी डॉक्टर होती. तिच्यामुळे मला या सगळ्या बायांचा नाद लागला आणि तो काही सुटला नाही, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस.

आधी तुला जिच्याबद्दल सगळ्यात जास्त सांगायचंय ती, जिन युनमेइ. अमेरिकेत तिला यामेइ किन म्हणायचे, मीही तेच म्हणते. जन्म 1864, चीनमधल्या निंगबो शहरातला. आनंदीबाई 1865 च्या, म्हणजे वर्षभराचं अंतर. यामेइचे वडील ख्रिस्ती झालेले, चर्चमध्ये धर्मोपदेशक. ती दोनतीन वर्षांची असताना साथीत आईवडील दोघंही गेले आणि तिथल्याच मॅकार्टी नावाच्या अमेरिकन मिशनरी जोडप्याने तिला सांभाळलं. हे मॅकार्टी स्वतः डॉक्टर होते, 1844 पासून निंगबोत. आता अशा पोरीचं साधारण काय होतं, तर तिला फ्रॉक घालून, इंग्रजी शिकवून अर्धी गोरी करून टाकतात. यांनी तसं केलं नाही, तिला चिनी भाषा नीट शिकवली, चिनी जुने ग्रंथ वाचायला लावले. नंतर मॅकार्टींना जपानमध्ये शिकवायची नोकरी लागली तेव्हा ती तिकडे वाढली आणि जपानीही शिकली. म्हणजे सोळाव्या वर्षापर्यंत पोरगी तीनचार भाषांमध्ये बोलणारी. हे लक्षात ठेव, पुढे याच्यावर येणारे.

मग न्यूयॉर्क. तिथे एलिझाबेथ ब्लॅकवेल या बाईंनी 1868 मध्ये खास बायकांसाठी मेडिकल कॉलेज काढलेलं, न्यूयॉर्क इन्फर्मरी या बायकांच्या दवाखान्याला जोडलेलं. ब्लॅकवेल म्हणजे अमेरिकेत डॉक्टरकीची पदवी मिळवणारी पहिली बाई, आणि पुढे कॉलेज त्यांची बहीण एमिली सांभाळायची. हे कॉलेज कडक होतं. त्या काळात अमेरिकेत बरीच मेडिकल कॉलेजं अशी होती की दोन हिवाळे लेक्चरं ऐकली की पोरगा डॉक्टर, आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा तीच लेक्चरं. इथे मात्र तीन वर्षांचा चढत्या इयत्तांचा कोर्स, शिवाय स्वच्छता आणि आरोग्य हा वेगळा विषय, आणि गरीब वस्तीतल्या बायकांच्या घरी जाऊन त्यांना बघायचं. बायकांचं कॉलेज म्हणून कुणी नावं ठेवायला नकोत, म्हणून जास्तच कडक. शिकवायला कोण होत्या माहितीय? मेरी पटनम जेकोबी. पाळीच्या दिवसांत बाईने विश्रांतीच घेतली पाहिजे, नाहीतर ती आजारी पडते, म्हणून बायकांना जास्त शिकवू नये असं तेव्हाचे मोठमोठे डॉक्टर लिहीत होते, तर या बाईंनी बायकांनाच प्रश्नावली पाठवली, नाडीचे आलेख काढले आणि दाखवून दिलं की त्याला काही आधार नाही. त्या निबंधाला 1876 मध्ये हार्वर्डचं बॉयल्स्टन पारितोषिक मिळालं. आजही माझ्याकडे आया येतात आणि विचारतात, मॅडम पाळीत परीक्षा आलीय, हिला पेपरला पाठवू का. तेव्हा मला जेकोबीबाईंची आठवण येते.

या कॉलेजात यामेइने स्वतःचं नाव लावलं वाय. मे किंग. बघ, किती साधं. मे किंग वाचल्यावर कुणालाही वाटेल कुठलीतरी अमेरिकनच मुलगी असेल. हे तिने का केलं ते आपण तिला विचारू शकत नाही, पण वर्ष बघितलं तर मला तरी कळतं. 1882 च्या मे महिन्यात अमेरिकेने कायदा केला, चिनी मजुरांना देशात यायला बंदी. विद्यार्थी, व्यापारी यांना सूट होती पण कागद दाखवावे लागायचे, आणि रस्त्यावरच्या माणसाला मजूर कोण नि विद्यार्थी कोण हे कुठे कळतंय. त्याच्याही आधी 1875 चा एक कायदा होता, त्यात चिनी बाई बोटीतून उतरली की ती वाईट धंद्यासाठीच आणली गेलीय असा संशय. अशा शहरात एक चिनी मुलगी रोज शवविच्छेदनाला जात होती. नाव झाकलं असेल तर नवल नाही. मला इंग्लंडात माझं नाव कुणालाच म्हणता यायचं नाही म्हणून वॉर्डातल्या नर्सने पहिल्याच आठवड्यात एक सोपं इंग्रजी नाव चिकटवून दिलं, मीही हो म्हणाले, आणि वर्षभराने फाईलवर ते नाव बघून एकदम कसंतरी झालं. माझं तर काहीच अडत नव्हतं, तरी.

1885 मध्ये ती पास झाली, वर्गात पहिली, वय एकवीस. अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवणारी पहिली चिनी बाई. तेव्हा आनंदीबाई दीडशे किलोमीटरवर फिलाडेल्फियाला शिकत होत्या, 11 मार्च 1886 ला त्यांना पदवी मिळाली, त्याही एकविसाव्या वर्षात. दोन शहरं, मध्ये काही तासांची रेल्वे, आणि दोन्हीकडे आशियातून आलेल्या पोरी ग्रेचं जाडजूड शरीरशास्त्र डोक्यात कोंबतायत. माझ्या डोळ्यासमोर हे चित्र नेहमी येतं.

पुढे तिने जे केलं ते मला फार आवडतं. तिने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून पेशींचे, ऊतींचे फोटो काढण्याचं काम हातात घेतलं आणि 1887 मध्ये न्यूयॉर्क मेडिकल जर्नलमध्ये त्याच्यावर लेख छापला. आता तुला वाटेल त्यात काय, मोबाईल आयपीसला लावला की झालं. अगं तेव्हा काचेच्या प्लेटा, उजेड स्थिर नाही, स्लाइड जरा जाड कापली गेली की सगळं धूसर, आणि खालून घोडागाडी गेली तरी टेबल हलून फोटो बाद. आम्ही एमबीबीएसला हिस्टॉलॉजीच्या, म्हणजे ऊतींच्या अभ्यासाच्या, जर्नलमध्ये गुलाबी आणि जांभळ्या पेन्सिलीने तासन्‌तास ठिपके काढत बसायचो, त्यातलं निम्मं एकमेकींच्या जर्नलमधून उतरवलेलं. ही बाई तेवीसाव्या वर्षी म्हणत होती की चित्र काढू नका, चित्रात काढणाऱ्याचं मत उतरतं, फोटो काढा. (हे शब्द माझे, लेखाचा रोख साधारण असा.) मिशनऱ्यांना हवी होती बाळंतपणं करणारी आणि प्रार्थना म्हणणारी डॉक्टर, आणि हिचा जीव प्रयोगशाळेत. ही ओढाताण तिच्या आयुष्यभर दिसते.

कारण पदवीनंतर ती मिशनतर्फे शियामेनला गेली, म्हणजे तेव्हाच्या अमॉयला, आणि तिथे मलेरियाने आडवी पडली. काम सोडून जपानला, कोबेला. तिथे काही वर्षं रुग्ण बघितले. 1894 मध्ये लग्न केलं, नवरा मकावकडचा, पोर्तुगीज वंशाचा, गाणंबजावणं करणारा. मग हवाई, मुलगा झाला, मग अमेरिका, मग 1904 मध्ये घटस्फोट. एकोणीसशे चार साली घटस्फोट, तेही मिशनऱ्यांच्या घरात वाढलेल्या बाईचा, विचार कर. पोटासाठी ती अमेरिकेत व्याख्यानं द्यायला लागली, रेशमी चिनी पोशाख, केसात फुलं, आणि लोक तिकीट काढून बघायला यायचे. आले ते बाहुली बघायला, आणि मिळायचं काय, तर अफू चीनच्या गळ्यात कुणी बांधली त्यावरचं भाषण. कॉलेजात नाव झाकणारी मुलगी आता पोशाख मुद्दाम घालून स्टेजवर, हा बदल मला तिच्या सगळ्या डिग्र्यांपेक्षा मोठा वाटतो.

पदवीच्या वेळी मात्र पोशाखाची खरी गंमत केली ती दुसऱ्या दोघींनी. कांग चेंग आणि शि मेइयू, दोघी 1873 च्या, दोघी यांग्त्सी नदीवरच्या ज्युज्यांग गावच्या. कांग ही घरातली सहावी मुलगी. पाच पोरींवर सहावी. पुढचं आपल्याकडच्या कुणालाही सांगायला नको. सोयरीक करायला गेले तर पत्रिका जुळेना, शेवटी दोन महिन्यांची असताना गर्ट्रूड हाउ नावाच्या अमेरिकन बाईंना देऊन टाकली. शिचं उलटं, आईवडील दोघं मिशनमध्ये काम करणारे, आणि वडिलांनीच तिला हाउबाईंकडे आणून सांगितलं की हिला डॉक्टर करा. तिचे पाय बांधले नव्हते. आता पाय न बांधणं म्हणजे काय हे आपल्याला पटकन कळत नाही. त्या भागात चांगल्या घरातली मुलगी मोठे पाय घेऊन रस्त्याने चालली की पोरं मागे लागायची, हिचं लग्न कोण करणार म्हणून बायका हळहळायच्या. आपल्याकडे कुंकू न लावता किंवा केस कापून गावातनं फिरावं तसं काहीतरी, पण त्याच्याहून वाईट, कारण पाय बांधले की हाडं मोडतात आणि न बांधले की लग्न मोडतं.

हाउबाईंनी दोघींना गणित, भौतिकशास्त्र, लॅटिन सगळं घरी शिकवून घेतलं आणि 1892 मध्ये अमेरिकेत मिशिगनला, ॲन आर्बरच्या विद्यापीठात नेलं. नावंही बदलली, कांगची झाली आयडा कान आणि शिची मेरी स्टोन. शि म्हणजे चिनीत दगड, म्हणून स्टोन! आपल्या धोंडेबाई लंडनला गेल्या आणि मिसेस स्टोन होऊन परत आल्या तसं. मिशिगनमध्ये बायकांना 1870 पासून प्रवेश होता पण सुरुवातीची वर्षं मेडिकलच्या बायकांना वेगळं बसवून शिकवायचे, शरीरशास्त्र पुरुषांसमोर कसं शिकवायचं हा प्राध्यापकांनाच प्रश्न. आपल्याकडे माझ्या वेळेपर्यंत डिसेक्शन हॉलमध्ये मुलींचं टेबल वेगळं असायचं काही ठिकाणी, त्यामुळे फार हसू नकोस.

त्याच 1892 मध्ये अमेरिकेने चिन्यांवरचा कायदा आणखी आवळला, मजुरांनी ओळखपत्र जवळ बाळगलंच पाहिजे. आणि विद्यापीठाचे अध्यक्ष कोण, तर जेम्स अँजेल, हे गृहस्थ आधी चीनमध्ये अमेरिकेचे राजदूत होते आणि ज्या तहामुळे अमेरिकेला चिनी मजूर थांबवायचा हक्क मिळाला तो 1880 चा तह त्यांनीच केलेला. 1896 मध्ये त्याच अँजेलसाहेबांच्या विद्यापीठाने या दोघींना डॉक्टरची पदवी दिली. दोघी गाऊन वगैरे बाजूला ठेवून चिनी रेशमी पोशाखात आल्या होत्या, आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट. कुठल्याही कोर्टकचेरीपेक्षा ते पाच मिनिटांचं चालत जाणं भारी, असं मला वाटतं. अर्थात टाळ्या वाजवणाऱ्यांनी कायदा काही बदलला नाही, तो 1943 पर्यंत राहिला.

आता चौथी, कारण ती तर थेट आनंदीबाईंच्या कॉलेजातली. शू जिनहोंग, इंग्रजीत हू किंग एंग, फुजोची, जन्म 1865, म्हणजे आनंदीबाईंचंच साल. हिचे पाय बांधायला घेतले होते, मग वडिलांनी सोडवले, आणि त्यावरून तिने भरपूर टोमणे खाल्ले. 1884 मध्ये अमेरिकेला आली तेव्हा इंग्रजी येत नव्हतं, म्हणून आधी ओहायोत चार वर्षं साधं शिक्षण, मग 1888 ला फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजात. आनंदीबाई तिथून जाऊन दोन वर्षं झालेली, आणि पुण्यात वारून दीड. ज्या रेचल बॉडली बाई आनंदीबाईंच्या डीन होत्या त्याही त्याच वर्षी गेल्या. मधे हिची तब्येत बिघडली, घरी वडील आजारी, दोनेक वर्षं चीनला परत, पुन्हा आली आणि 1894 ला डॉक्टर झाली. ही मधली दोन वर्षं मला महत्त्वाची वाटतात. आनंदीबाईंना घटसर्प झाला, मग क्षयाने पोखरलं, तरी त्यांनी कोर्स मधे सोडला नाही, थांबायची सोयच नव्हती त्यांना, पाठीमागे गोपाळराव आणि सगळा महाराष्ट्र डोळे लावून बसलेला. शूला थांबता आलं. ती जगली, परत फुजोत जाऊन तिने हॉस्पिटल चालवलं. एकीला थांबता आलं आणि एकीला नाही, मी यावरून फार मोठं काही म्हणत नाही, पण तू बाहेर गेलीस आणि एक सेमिस्टर तब्येतीने मागे पडलीस तर तुझ्या बाबांना हे वाचायला दे.

एक फरक इथेच सांगते. या सगळ्या चिनी मुली मिशनच्या आधाराने गेल्या, तिकीट, फी, राहणं, परत आल्यावरची नोकरी बरंचसं चर्चच्या बायकांच्या वर्गणीतून. त्यामुळे एकटेपणा कमी, पण ऋण मोठं, पदवी घेतल्यावर मिशन सांगेल तिथे जायचं. आनंदीबाई हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणून येईन असं सांगून गेल्या. तिकडच्या रोझेल गावी ज्यांच्या घरी उतरल्या त्या कार्पेंटर मावशींसारखी माया मिळाली पण पाठीशी संस्था नाही, पैशांची सतत विवंचना, थंडीत खोलीतल्या शेगडीचा धूर. फुकट कुणालाच काही मिळालं नाही, फक्त बिलं वेगवेगळ्या दारांवर आली.

आता तू विचारलंस काय सोसावं लागलं. लोक उत्तर देतात थंडी, जेवण, वंशभेद. ते सगळं खरंच आहे. पण मी जे इतकी वर्षं वाचलं आणि थोडं स्वतः भोगलं त्यावरून माझं मत असं की त्यांची खरी परीक्षा तिकडे नव्हतीच, ती परत आल्यावर होती. तिकडे पुस्तक इंग्रजी, रुग्ण इंग्रजी, औषध दुकानात तयार. परत आल्यावर रुग्ण जे शब्द वापरते ते कुठल्याच पुस्तकात नसतात.

माझंच सांगते. इंग्लंडात पहिल्या आठवड्यात एक आजी म्हणाली, आय ॲम फीलिंग पुअर्ली डॉक्टर. मला वाटलं बिचारी पैशांबद्दल बोलतेय. तिकडे पुअर्ली म्हणजे बरं वाटत नाहीये. ठीक आहे, शिकले. पण चार वर्षांनी आपल्याकडे परत येऊन दवाखाना टाकला, तर पहिलीच बाई म्हणाली अंगावरून पांढरं जातंय आणि पायाला गोळे येतायत, मागची आली ती म्हणाली पाणमोट फुटली, तिसरीची सासू म्हणाली वार अडकलीय, म्हणजे बाळाची नाळ जिला जोडलेली असते ती. मी शहरात वाढलेली, पाणमोट, म्हणजे पोटातल्या बाळाभोवतीची पाण्याची पिशवी, हा शब्द मी आधी ऐकलेला नव्हता. मराठी माझी आईची भाषा आणि मी माझ्याच रुग्णासमोर मठ्ठासारखी उभी. शेवटी आमच्या आयाबाईंनी मला सगळं शिकवलं, त्या माझ्या खऱ्या प्रोफेसर.

म्हणून यामेइला लहानपणी चिनी शिकवली होती ती मी लक्षात ठेव म्हणाले. आणि म्हणून कांग आणि शि 1896 मध्ये ज्युज्यांगला परत उतरल्या तेव्हा गावाने फटाके वाजवून स्वागत केलं, आणि दोनतीन दिवसांतच रुग्ण दारात. पहिल्या दहा महिन्यांत दोन हजारांहून जास्त रुग्ण तपासले दोघींनी, तेविसाव्या वर्षी, वर कुणी सीनियर नाही. गोऱ्या डॉक्टरीणबाईंकडे जायला घाबरणाऱ्या बायका यांच्याकडे आल्या कारण यांना आपलं बोलणं कळत होतं. 1901 मध्ये शिकागोच्या डॅनफर्थ नावाच्या डॉक्टरांनी बायकोच्या आठवणीत दिलेल्या पैशांतून तिथे हॉस्पिटल उभं राहिलं आणि शिने तिथे गावातल्या मुलींना नर्सिंग शिकवायला घेतलं. कांग 1903 मध्ये नानचांगला गेली आणि तिथे तिने वेगळं काम उभं केलं. पुढे तिने परत अमेरिकेला जाऊन, गंमत बघ, साहित्यात बीए केलं, 1911 मध्ये, अडतीसाव्या वर्षी. मला या बाईचं फार कौतुक वाटतं.

कांगवर तर ल्यांग छिचाओने, म्हणजे तिकडचा फार मोठा सुधारक संपादक, 1897 मध्ये लेख लिहिला, बघा आपली बाई शिकली तर काय करू शकते म्हणून. पण लिहिताना तिचं ख्रिस्ती असणं त्याने जवळपास गाळून टाकलं, त्याला देशाची आदर्श कन्या हवी होती, मिशनची नको होती. आणि मिशनची पत्रकं वाच, तिथे ती फक्त मिशनची. सगळ्यांना तिच्या डिग्रीचा उपयोग करून घ्यायचा होता. आपल्याकडे आनंदीबाईंचं काय झालं? जिवंतपणी टोमणे आणि मेल्यावर घराघरात फोटो.

यामेइ 1907 ला चीनला परतली ती तियानजिनमध्ये. तिथल्या सरकारी बायकांच्या हॉस्पिटलची प्रमुख झाली आणि 1908 मध्ये युआन शिकाइ या बड्या अधिकाऱ्याच्या पाठबळाने सरकारकडून पैसे मिळवून नर्सिंगची शाळा काढली. मिशनकडून नाही, स्वतःच्या सरकारकडून. तिच्या वेळी चिनी भाषेत नर्सला नीट मानाचा शब्दच नव्हता. लंडनला गाइज हॉस्पिटलात शिकून तिच्याच शाळेत आलेल्या एका नर्सने, झोंग माओफांगने, 1914 मध्ये नवा शब्द सुचवला, हुशी. हु म्हणजे सांभाळणं, जपणं, आणि शी म्हणजे शिकलेला माणूस, विद्वान. आजही चीनमध्ये नर्सला हुशीच म्हणतात. एका शब्दाने पगार वाढत नाही हे मला माहितीय, पण सिस्टर आणि आयाबाई यांच्यामधली दरी रोज बघणाऱ्या माझ्यासारखीला तो शब्द मोठा वाटतो.

यामेइचं पुढचं थोडक्यात सांगते, नाहीतर रात्र होईल. 1917 मध्ये अमेरिकेच्या शेती खात्याने तिला सोयाबीनचा अभ्यास करायला चीनला पाठवलं, पहिल्या महायुद्धात मटण महाग झालेलं, आणि तिचं म्हणणं की दाण्यापासून टोफू करा, प्रथिनं मिळतील. नाव झाकून राहावं लागलं त्याच देशाच्या सरकारचं काम घेऊन ती निघाली. आणि त्याच युद्धात तिचा एकुलता एक मुलगा अमेरिकन सैन्यातून लढताना 1918 मध्ये फ्रान्समध्ये गेला. ती 1934 ला पेइचिंगमध्ये, म्हणजे बीजिंगमध्ये, न्यूमोनियाने वारली.

माझ्या त्या इंग्लंडातल्या चिनी मैत्रिणीचं राहिलंच. ती शियामेनकडची, तिच्या तोंडी सतत एक नाव, लिन च्याओझी. शियामेनसमोरच्या गुलांग्यू बेटावरच्या या बाई, जन्म 1901, पेइचिंगच्या युनियन मेडिकल कॉलेजातून 1929 ला पास. 1932 ला लंडन आणि मँचेस्टर, 1939 ला वर्षभर शिकागो, आणि प्रत्येक वेळी परत. त्यांच्या हातून पन्नास हजारांच्या वर बाळंतपणं झाली म्हणतात, स्वतः लग्न केलं नाही, आणि बाळाच्या कागदावर सही करायच्या ती 'लिन च्याओझीज बेबी' अशी. बेटावर त्यांच्या आठवणीत केलेली बाग आहे. मैत्रीण सांगायची, आमच्याकडे मुलगी डॉक्टर होते म्हणाली की आजी लगेच लिन डॉक्टरांचं नाव काढते. मी म्हणलं आमच्याकडे आनंदीबाईंचं काढतात. ती म्हणाली किती बाळंतपणं केली त्यांनी? मला उत्तर देता येईना, एकविसाव्या वर्षी गेल्या म्हणून सांगितलं, मग दोघी गप्प बसलो. त्या दिवशी चहा गार झाला.

आता तुझं. चीनला जायचं तर आधी आपल्या नॅशनल मेडिकल कमिशनचे 2021 चे नियम बघ, कोर्स कमीत कमी 54 महिन्यांचा, इंग्रजीतून, त्याच संस्थेत 12 महिन्यांची इंटर्नशिप, मग भारतात येऊन परीक्षा आणि परत इंटर्नशिप. एजंट जे गोड बोलतो त्याच्यावर विसंबू नकोस, कॉलेजचं सगळं लेखी घे. आणि लेक्चर इंग्रजीत असलं तरी वॉर्डातली पेशंट चिनीच बोलणार, त्यामुळे पहिल्या दिवसापासून चिनी शीक. इंग्रजीवर भागेल म्हणणारी मुलं पाच वर्षं पेशंटच्या पलंगापासून चार फूट लांब उभी राहून परत येतात, आणि मग इथे माझ्याकडे येऊन पोटावर हात ठेवायला घाबरतात, दोनतीन बघितलीत मी.

मैत्रिणीने मला दोन शब्द शिकवले होते ते तुला देऊन ठेवते. बाळंतीण म्हणजे पहिला महिना घरात बसलेली, त्याला त्यांच्याकडे झुओ युएझी म्हणतात, महिना बसणं. गार पाणी नाही, वारा नाही, आलं आणि लाल साखरेचं पाणी. मी तिला आपला सव्वा महिना, शेकशेगडी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू सांगितलं तर ती हसत सुटली, म्हणाली तुमच्याही सासवा खिडकी उघडू देत नाहीत का. आणि दुसरा पो श्वेइ, म्हणजे पाणी फुटलं. पाणमोटेसारखा तिकडच्या खेड्यातल्या बायकांचा याहून वेगळा शब्द असणारच, तिला माहीत नव्हता, ती पण शहरातलीच. तुला कुठल्या आयाबाईकडून कळला तर मला लिही.